शिडीखालच्या चपला

आयुधपूजेला खडीचा क्रशर बंद असतो. कानांना आधी बरं वाटतं, मग हळूहळू भीती वाटायला लागते. होन्नम्माला तरी असंच व्हायचं. वर्षभर खडखडाटात ओरडून बोलायची सवय झालेली, आणि मशीन थांबलं की स्वतःचाच श्वास ऐकू यायचा. आज सकाळपासून ती तो ऐकत होती.

ऑफिसपुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोतं अंथरून त्यावर जाळ्यांचे तीन नमुने मांडले होते. नवी जाळी याच दिवशी ठरवायची, पूजेत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी खडी चाळायच्या मोठ्या चाळणीवर चढवायची, हा तिच्या सासऱ्यांनी, मुनिवेंकटप्पांनी घालून दिलेला रिवाज. पहिला नमुना नेहमीचा, विणलेल्या पोलादी तारेचा. दुसरा मँगनीजच्या जाड पत्र्याचा, भोकं पाडलेला, उचलायला दोघं लागतील असा. तिसरा रबराचा. हातभर लांबरुंद काळी लादी, तिला चौकोनी भोकं. अशा लाद्या शेजारी शेजारी बसवून अख्खी चाळण झाकायची. होन्नम्मा शेवंतीच्या माळा ओवत होती, पण तिचं लक्ष त्या काळ्या लादीवरून हटत नव्हतं.

इथला, बंडेहळ्ळीचा दगड पांढरा आणि करकरीत. फुटला की त्याला धार येते. चाळणीवरून घसरता घसरता तो जाळीला रोज थोडी थोडी खातो, तार झिजते, एक दिवस तुटते, आणि मग कुणालातरी शिडी चढून चाळणीच्या पोटात शिरावं लागतं. डोक्यावर दगड आणून टाकणारा पट्टा, पायाखाली फाटकी जाळी. पूर्वी मजूर शिरायचे. चौडप्पा नावाचा मजूर आत असताना कुणीतरी बटण दाबलं. बातमी सांगायला मुनिवेंकटप्पा त्याच्या घरी गेले तेव्हा त्याच्या बायकोनं अंगणात उभं राहून विचारलं, "तुमच्या घरातलं कुणी का नाही चढलं?" ते तसेच मागे फिरले. त्यांनी मारम्माच्या देवळात जाऊन शपथ घेतली, की यापुढे या घरातलाच पुरुष जाळीवर जाईल. आणि दुसरा एक नियम केला. चढणाऱ्यानं चपला शिडीखाली काढायच्या. शिडीखाली चपला दिसल्या की बटणाला हात लावायचा नाही, मग दाबणारा मालक असो नाहीतर मंत्री.

आधी ते स्वतः चढले. मग थोरला मुलगा नंजेगौडा कितीतरी वर्षं चढला आणि उजवं अर्धं पाऊल तिथेच ठेवून आला. आता नंजेगौडाचा मुलगा चेतन चढत होता. तो होन्नम्माचा एकुलता एक.

"रबर घ्या," होन्नम्मा म्हणाली.

धाकटा दीर गंगाधर हसला. खडी विकणं, लोकांकडून पैसे काढणं, ऑफिसांत खेटे घालणं ही सगळी त्याची कामं, आणि ती तो झकास करायचा. आज त्यानं नवंकोरं जरीकाठी धोतर नेसलं होतं. "अत्तिगे, रबर चपलेला बरं," तो वहिनीला म्हणाला. "रस्त्याचं एवढं मोठं काम अंगावर घेतलंय. रबराची भोकं बघा, भोकांपेक्षा रबरच जास्त. खडी खाली पडणार कधी?"

"पण टिकतं ना?"

"टिकतं हो. तारेची जाळी तीन वेळा बदलावी तेव्हा याला कुठे ओरखडा येतो."

"मग चेतन तीन वेळा कमी चढेल."

गंगाधरची बायको पंकजा केळीचे खुंट बांधत होती, तिनं दोरीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा मारली.

"रबर मुकं असतं," नंजेगौडा म्हणाला. तो खुर्चीत बसून तारेच्या नमुन्यावर नख वाजवत होता. "तार तुटली की चाळणीचा सूर बदलतो. मी घरी नाचणीचे मुद्दे गिळत असलो तरी मला कळतं. रबर फाटलं तर कळणार कसं? मग रोज चढा आणि बघा."

"तुमचा पाय गेला तेव्हा कुठला सूर लागला होता?"

नंजेगौडानं नख वाजवणं थांबवलं. नवऱ्याला चारचौघांत असं बोलल्याचं होन्नम्माला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

"अम्मा, पुरे," चेतन म्हणाला. तो मोटारींना हार घालून आला होता, हातभर कुंकू माखलेला. "मला काही भीती वाटत नाही तिथे."

"म्हणून तर मला वाटते. घरात कुणाला तरी वाटायला हवी."

"तार घ्या, तात," तो आजोबांना म्हणाला. "वाटलंच तर चाळणीच्या खालच्या मजल्याला मँगनीज. रबरबिबर नको, गावातली पोरं हसतील."

म्हणजे दीर, नवरा आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो मुलगा, सगळे एका बाजूला. होन्नम्मानं माळेत आणखी एक फूल घातलं. तिनं माळ मांडीवर ओढून घेतली.

मुनिवेंकटप्पा इतका वेळ भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांना झोप लागली असं वाटायचं तेव्हा ते हमखास जागे असत.

"चेतनचं लग्न ठरलंय," ते म्हणाले. "दारात मांडवाचं चप्पर पडून अक्षता होईपर्यंत तो आता चढणार नाही. हळद लागायच्या पोराला मी तिथे पाठवत नाही."

"मग कोण चढणार, अप्पा?" गंगाधरनं विचारलं. विचारून झाल्यावर त्याला उत्तर दिसलं असावं, कारण त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"घरात आणखी एक पुरुष आहे. उद्या तू चढशील."

गंगाधरच्या घरात दोन मुली. त्यामुळे पाळी पुढच्या पिढीवर गेली तेव्हा त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि त्याच्या स्वतःच्या वेळेला कधी त्याला खाण-ऑफिसात काम निघे, कधी पाठीत उसण भरे. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी ते बोललं नव्हतं, एवढंच.

"उद्या का, उद्या मला…" तो म्हणाला.

"उद्या दसरा. कुठलंच ऑफिस उघडं नाही."

नंजेगौडा खोकला. खोकला हसण्यासारखा होता. गंगाधरनं पोत्यावर वाकून रबराची लादी उचलली, उलटसुलट करून पाहिली, अंगठ्यानं दाबली.

"तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "रबरात काही अगदीच वाईट नाही. धूळ कमी उडते. एखादी लादी गेली तर तेवढीच बदलायची, अख्खी जाळी सोडवायला नको."

"मी तेच म्हणत होते," पंकजा गडबडीनं म्हणाली. "अक्का बोलतात ते खरंच आहे. खडी काय, थोडी कमी पडली तर पडली."

पंकजा यातलं काहीही म्हणत नव्हती. होन्नम्मानं जावेकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो चेहरा होन्नम्माला आरशातून चांगला ओळखीचा होता. हवी होती ती साथ मिळाली, आणि आता ती तिला नकोशी वाटली. माझ्या पोराच्या जिवाला रबर महाग होतं, यांच्या जिवाला लगेच स्वस्त झालं. ती हे बोलून दाखवणार होती. पण मुनिवेंकटप्पांनी हात वर केला.

"पूजा होऊ दे. जाळी मग ठरवू. उद्या मात्र तूच चढायचंस, गंगाधर. कुठलीही जाळी असली तरी."

०

थोड्या वेळानं होन्नम्मा झाडू आणि रांगोळीचा डबा घेऊन मशीनकडे गेली. रांगोळी शिडीच्या पायथ्याशी काढायची, म्हणजे बटणांच्या पॅनेलसमोर पूजा करून मुहूर्ताला मशीन एकदा चालवणाऱ्याला ती समोर दिसते. पुजारी गावातल्या ट्रॅक्टरांत अडकला होता, त्याला यायला उशीर होता असा निरोप आलेला. सगळी माणसं शेडमध्ये कडलेपुरी, म्हणजे फुटाणे-चुरमुरे, खात होती. आज सगळ्यांनीच चपला काढलेल्या. भिंतीपाशी, पायवाटेवर, केळीच्या खुंटाखाली, जिथे जागा मिळेल तिथे. शिडीखालीही एक जोड होता.

तिला राग आला. पूजेच्या जागेवर चपला सोडायची अक्कल. तिनं झाडूच्या टोकानं तो जोड भिंतीपाशी इतर चपलांत ढकलला आणि जमीन झाडून घेतली. एरवी त्या जागेवरच्या चपलांना तिनं मेली तरी हात लावला नसता. पण पूजेआधी मशीनला कुणी पाय लावत नाही, हे घरातल्या लेकराला माहीत. आज वर कोण जाणार? ती खाली बसली आणि तिनं पहिला ठिपका काढला. चेतन निदान लग्नापर्यंत वाचला, हे तिच्या मनात पुन्हापुन्हा येत होतं, आणि त्याबरोबर पंकजाचा पांढरा चेहराही. रांगोळी पुरी करून ती आरतीचं ताट आणायला गेली.

०

गंगाधरला फक्त एकदा बघायचं होतं. उद्या सगळ्यांच्या देखत पाय लटपटले असते. त्यापेक्षा कुणी नसताना एकदा आत उभं राहून यावं, पाय काय म्हणतात ते बघावं. भल्याभल्या लोकांशी तो वाद घालून यायचा, त्याला भित्रा कोण म्हणेल? पण चौडप्पाला खाली काढलं तेव्हा तो तिथे होता. शिकायला शहरात असायचा, नेमका त्या दिवशी घरी आला होता. पोतं पसरून त्यावर ठेवलं होतं ते सगळं त्यानं पाहिलं होतं. त्यानंतर चाळणीकडे बघायचंही तो टाळायचा, आणि का ते त्यानं पंकजालाही सांगितलं नव्हतं.

त्यानं शिडीखाली चपला काढल्या होत्या, नीट, टाचा जुळवून. वर चढून तो पट्ट्याखालून वाकून आत गेला. चाळण उतरती होती. जाळीवर पाऊल टाकलं तेव्हा तारा किंचित दबल्या, आणि त्याला वाटलं, जमतंय की. दुसरं पाऊल टाकलं. तिसऱ्याला जाळी फाटली आणि त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला.

आधी त्याला दुखलंच नाही. त्यानं पाय वर ओढला तेव्हा दुखलं. तुटलेल्या तारांची टोकं पायाबरोबर खाली वाकली होती आणि वर ओढताना पोटरीत घुसत होती. जितकं ओढावं तितकी खोल. वर जरीकाठी धोतर तारांत गुरफटलेलं. झिजलेली जाळी आत जायला वाट देते, बाहेर यायला देत नाही, हे थोरल्या अण्णानं, नंजेगौडानं कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा तो बिलाचा हिशेब करत होता.

"ए," त्यानं हाक मारली. "कोण आहे रे?"

आणि तेव्हाच खाली सनई सुरू झाली. पाठोपाठ डोलूचा ढोल. पुजारी आला होता. त्याला पुढे आणखी दहा ठिकाणी जायचं असणार, तो थांबणार नव्हता.

गंगाधर ओरडला. मग चाळणीच्या लोखंडी बाजूवर मुठी मारल्या. डोलूच्या ठोक्यांत त्या मुठी मिसळून गेल्या, त्याच्या स्वतःच्या कानांनाही त्या वेगळ्या ऐकू येईनात. त्यानं मान वर केली. डोक्यावर पट्ट्याचं टोक होतं आणि टोकाशी दगड रांगेनं बसले होते. सणाला मशीनचं पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणून आदल्या दिवशी मुद्दाम ठेवलेले. सगळ्यांत पुढच्या दगडाला कुणीतरी कुंकू लावून शेवंतीचं फूल वाहिलं होतं.

आधी चाळण हलेल, मग पट्टा. एकाच बटणावर दोन्ही.

त्यानं पुन्हा ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. चपला आहेत, तो स्वतःला सांगू लागला. शिडीखाली माझ्या चपला आहेत. अप्पा चपला बघितल्याशिवाय बटण दाबत नाहीत. चपला आहेत. खालून कापराचा वास येऊ लागला तरी तो तेच म्हणत राहिला.

०

मुनिवेंकटप्पांनी बटण दाबण्याआधी शिडीच्या पायथ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ते बघितल्याशिवाय त्यांचा हात कधी उठला नव्हता. तिथे स्वच्छ झाडलेली जमीन होती आणि सुरेख रांगोळी. त्यांना बरं वाटलं. पुजाऱ्यानं कोहळ्यात कुंकू भरून तो मशीनवरून ओवाळला आणि जमिनीवर आपटून फोडला. त्यांनी अंगठा कुंकवात बुडवला.

होन्नम्मा आरतीचं ताट धरून त्यांच्या मागे उभी होती. डाव्या हाताला पंकजा होती, मान वळवून शेडकडे बघत.

"काय गं?"

"हे कुठे गेले कळत नाही," पंकजा म्हणाली. "मुहूर्ताला घरचे सगळे हवेत ना. रागावून गावात गेले की काय. पण अनवाणी कसे जातील, चपला तर इथेच दिसतात, भिंतीपाशी."

होन्नम्मानं भिंतीकडे बघितलं. तपकिरी चामड्याचा जोड, अंगठ्याशी शिवलेला. झाडूच्या टोकाला लागलेला तोच जोड. तो कुठे होता ते तिला आठवलं.

पहिला विचार चेतनचा आला. तिनं वेड्यासारखं त्याला शोधलं. तो आजोबांच्या शेजारीच उभा होता, हातात नारळ, हसत. चेतन इथे आहे. तिच्या छातीतला दगड उतरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि एक श्वासभर तिनं त्या सुखात डोळे मिटले. पुढे जन्मभर तिला त्या एका श्वासाची लाज वाटणार होती. कारण डोळे उघडले तेव्हा सासऱ्यांचा अंगठा हिरव्या बटणाकडे निघाला होता.

ती ओरडली. सनईत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. तिनं ताट टाकलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती सासऱ्यांच्या समोरून कधी आडवी गेली नव्हती. पाणी द्यायचं तरी तांब्या खाली ठेवून मागे सरायची. ती पुजाऱ्याला ढकलून मध्ये घुसली आणि तिनं आपल्या तळहातानं बटण झाकलं.

कुंकवाचा अंगठा तिच्या हाताच्या पाठीवर टेकला. म्हाताऱ्यांनी दाबलाही. तिनं बोटं ताठ धरून हात वर उचलून धरला होता, बटणाला लागू न देता, आणि ते वजन तिच्या मनगटातून खांद्यापर्यंत गेलं.

सनई थांबली. डोलूवाल्याचा एक ठोका तेवढा उशिरा पडला.

"गंगाधर वर आहे," ती म्हणाली.

कुणी काही विचारायच्या आत त्या शांततेत वरून आवाज आला. लोखंडावर मूठ, हळूहळू, थकलेली. पंकजा खालीच बसली.

०

चेतन आणि नंजेगौडानं तारा कापून त्याला सोडवलं. नंजेगौडा अर्ध्या पावलानं शिडी कसा चढला, ते त्याचं त्याला माहीत. गंगाधरला खाली आणलं तेव्हा पोटरीतून रक्त गळत होतं आणि धोतराची जर तारेत राहिली होती. डॉक्टरकडे नेऊन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, परत आणलं, तोवर केळीच्या पानांवरचं चित्रान्न गार झालं होतं. कुणी जेवलं नव्हतं. मशीन सुरू झालं नव्हतं. असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं, आणि पुजारी दक्षिणा घेऊन निघून गेला होता.

"चपला शिडीखालीच काढल्या होत्या मी," गंगाधर म्हणाला. त्याला ते एकदा सांगितल्यावाचून राहवत नव्हतं. "अप्पा, देवाशपथ, तिथेच."

"मी हलवल्या," होन्नम्मा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पंकजानं सगळ्यांत उशिरा पाहिलं.

"रांगोळीसाठी. कुणाच्या आहेत तेही बघितलं नाही. झाडूनं ढकलल्या." तिनं हातानं तसं करून दाखवलं. "ज्या दिवशी सगळेच चपला काढतात त्या दिवशी चपलांचा काय उपयोग? आपण इतकी वर्षं चपलांच्या जिवावर पोरं वर पाठवली."

पंकजा उठून तिच्याजवळ आली. मारते की काय असं होन्नम्माला वाटलं, आणि तिनं मारावं असंही वाटलं. पंकजानं तिचा हात हातात घेतला. हाताच्या पाठीवर सासऱ्यांच्या अंगठ्याचं कुंकू वाळून काळपट झालं होतं. पंकजा त्याच्याकडे बघत रडू लागली.

"अक्का, मी सकाळी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी रबराच्या बाजूची नव्हतेच."

"माहीत आहे गं. मी तरी तुझ्या बाजूची कुठे होते?"

मुनिवेंकटप्पा आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत बसले होते. त्यांनी तो अजून धुतला नव्हता. आज पहिल्यांदाच ते म्हातारे दिसत होते.

"रबर आणा," ते म्हणाले. "वर रबर, खालीही रबर. खडी कमी पडली तर कमी विकू."

"अप्पा, सूर…" नंजेगौडानं सुरुवात केली आणि सोडून दिली. मग म्हणाला, "ठीक आहे. मुकं तर मुकं. आठवड्यातून एकदा बॅटरी मारून बघू, खालूनच."

"पण शेवटचं एकदा तरी चढावं लागेलच," चेतन म्हणाला. "जुनी सोडवून ही बसवायला. तात, मीच जातो."

"तू नाही," गंगाधर म्हणाला. तो भिंतीला टेकून पाय पसरून बसला होता. ओठ पांढरे होते. "अप्पांनी मला सांगितलंय. लाद्या आल्या की मी जातो."

"टाके पडलेत तुझ्या पायाला," नंजेगौडा म्हणाला.

"तुला तर पायच नाही, तरी आलास."

नंजेगौडा हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं. "बोल्ट कुठला कुठे सोडवायचा तेही तुला माहीत नाही. मी येतो वर. दोघं जाऊ."

होन्नम्मानं दोघांकडे पाहिलं. एकाच्या जागी आता दोन माणसं वर जाणार होती. नको म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मग दुसरंच बोलली.

"जा. पण बटणापाशी मी बसणार."

०

लाद्या आल्या, टाके सुकले, आणि एका सकाळी दोघं भाऊ चढले. होन्नम्मानं त्याआधी चेतनकडून पॅनेलमधले फ्यूज काढून घेतले आणि पदराच्या टोकाला घट्ट बांधून ओटीत ठेवले. मग पॅनेलला पाठ लावून खुर्ची टाकली आणि बसली. शिडीखाली चपला होत्या. गंगाधरचा जोड, नंजेगौडाची डावी चप्पल आणि उजव्या अर्ध्या पावलाचा बूट. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. फ्यूज ओटीत होते. तरी तिला भीती वाटत होती. ही भीती आता जाणार नव्हती, हे तिला कळून चुकलं होतं.

वरून हातोडी ऐकू येत होती. जुनी जाळी निघाली, ती खाली पडली तेव्हा तारांचा तो जुना सूर शेवटचा वाजला आणि थांबला. मग लाद्या बसू लागल्या. रबरावरचा हातोडा दबका, गादीवर मारल्यासारखा. प्रत्येक ठोक्याला होन्नम्मा श्वास घेत होती आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवत होती. पंकजा शेडच्या खांबाला धरून उभी होती.

ठोके थांबले.

होन्नम्मा हलली नाही. ओटीतले फ्यूज तिनं इतके आवळले की त्यांच्या कडा तळहातात रुतल्या. वर काही वाजत नव्हतं. पंकजानं तिच्याकडे बघितलं, तिनं पंकजाकडे. दोघींपैकी कुणाचीही हाक मारायची छाती झाली नाही.

मग चाळणीच्या काठावरून धुळीनं पांढरं झालेलं एक डोकं बाहेर आलं.

"अत्तिगे," गंगाधर म्हणाला, "चहा पाठवा वर." आणि पंकजा किटलीकडे धावली तसा तो पुन्हा वाकून म्हणाला, "पण तुम्ही उठू नका."